कन्नड उतारा आणि नोटीस मराठीत सांगणारा एआयचा डेमो तयार केलाय. काउंटरवर ठेवू का?

खानापूर_सेंटर:

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बसस्टँडजवळ आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. माझी शाळा मराठी माध्यमाची, पण पुढं कन्नड शिकले, त्यामुळं वाचता येतं. दुकानात येणाऱ्या वयस्कर माणसांपैकी बहुतेकांना येत नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नाडकचेरीची (स्थानिक महसूल कचेरीची) नोटीस कन्नडमध्ये, बँकेचं पत्र कन्नड नाहीतर इंग्रजी. "पोरी, एवढं काय लिवलंय सांग की" हे दिवसातून वीस वेळा तरी ऐकते. गर्दीत प्रत्येकाला बसवून वाचून दाखवणं जमत नाही आणि तसंच परत पाठवायचं जिवावर येतं.

म्हणून दिवाळीनंतर ब्राउझरमध्येच एआयचं ॲप करून बघता येतं अशा एका साइटवर बसले. नाव लिहीत नाही, कारण चूक माझ्या प्रॉम्प्टची, म्हणजे एआयला दिलेल्या सूचनेची, असू शकते आणि मला कुणाला दोष द्यायचा नाही. मी बी.कॉम. आहे, कोडिंग येत नाही. वरच्या चौकटीत कायमची सूचना लिहिली: "फोटोतला कन्नड सरकारी कागद वाच आणि खेड्यातल्या माणसाला कळेल अशा मराठीत सांग." खाली फोटो टाकला, रन दाबलं. पहिल्या दिवशी दहा कागद टाकले. मराठी इतकी सफाईदार आली की बाबा चष्मा लावून दोन-दोनदा वाचत बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

एका उताऱ्यावर क्षेत्र होतं ३.१२.०८. उत्तर आलं "३ हेक्टर १२ आर". आपल्याकडं ते ३ एकर १२ गुंठे ८ आणे. ३ हेक्टर १२ आर म्हणजे पावणेआठ एकराच्या आसपास, जमीन एकदम दुपटीच्या वर गेली. हे मला तिथंच दिसलं. कुणीतरी सांगितलं, टेंपरेचर नावाची एक सेटिंग असते, ती शून्यावर ने. नेलं, तरी तेच.

दुसरी चूक मात्र दिसली नाही. जांबोटीकडच्या एका आजींचा वारसा नोंदीचा अर्ज होता. नोटिशीच्या शेवटी होतं, अर्ज "वजा माडलागिदे". मराठी आलं, "आपला अर्ज वजा करण्यात आला आहे." दुकानात माणसं उभी होती, मी प्रिंट काढून आजींच्या हातात दिली. नातवानं घरी वाचून दाखवलं. त्यांनी अर्थ लावला की यादीतून आपलं काम निघालं, म्हणजे झालं एकदाचं. कन्नडमध्ये वजा म्हणजे फेटाळला. अपिलाची मुदत चालू झाली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान झाडताना त्याच नोटिशीची खराब निघालेली झेरॉक्स हाताला लागली, सहज वाचली आणि पोटात गोळा आला. भावाला उठवलं, गाडी काढली, अंधारातच त्यांच्या घरी गेलो. अपील मुदतीत गेलं. पण ती रद्दी आदल्या दिवशीच गेली असती तर?

आता माझा प्रश्न. हे बंद करून टाकू, की नीट करून काउंटरवर ठेवता येईल? नीट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि डेमोवरून दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालेल असं ॲप कसं होतं?

अनगोळ_ते_बंगळूर:

ताई, बंद करू नका. पण आत्ता आहे तसं काउंटरवर अजिबात ठेवू नका.

आधी टेंपरेचरचं, कारण हा गैरसमज सगळीकडं आहे. मॉडेल, म्हणजे मागं चालणारं एआय, पुढचा शब्द शक्यतांमधून निवडतं. टेंपरेचर खाली आणलं की त्याला सगळ्यात जास्त शक्य वाटणारा शब्द येतो, एवढंच. शक्य वाटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. मराठी भाषा, जमीन आणि ३.१२ असा आकडा एकत्र दिसला की त्याला हेक्टर-आर सुचत असणार, कारण जमिनीबद्दलचं बहुतेक मराठी लिखाण महाराष्ट्राच्या सातबाऱ्याभोवतीचं आहे. आपला उतारा त्याच्या मराठीत बसत नाही. शून्यावर नेलं तर तीच चूक जवळजवळ दर वेळी तशीच मिळेल.

तुम्ही कुठलं साधन वापरता यानं फार बिघडत नाही. गूगलचं एआय स्टुडिओ घ्या (२०२३ मध्ये ते मेकरसूट नावानं आलं, वर्षाअखेरीला नाव बदललं), ओपनएआयचं प्लेग्राउंड घ्या, अँथ्रॉपिकचं कन्सोल घ्या. सगळीकडं कायमच्या सूचनेची जागा आहे, उदाहरणं देता येतात, आणि जमवलेलं सगळं कोडच्या रूपात बाहेर काढता येतं. ते कोडचं बटण तुम्हाला नंतर लागेल.

तुमची मुख्य चूक माझ्या मते ही की वाचणं आणि सांगणं एकाच दमात करायला लावलंत. मॉडेलनं मध्ये काय वाचलं ते तुम्हाला दिसतच नाही, थेट गोड मराठी समोर येते. दोन भाग करा. पहिल्या भागात फक्त कन्नड जसंच्या तसं उतरवून घ्या, भाषांतराचा शब्द नको. तिथं स्ट्रक्चर्ड आउटपुट चालू करा, म्हणजे उत्तर परिच्छेदात न येता ठरलेल्या रकान्यांत येतं: सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर, गुंठे, आणे, तारीख. प्रत्येक रकाना रिकामा सोडायची मुभा असू द्या. हे फार महत्त्वाचं आहे. आकडा सक्तीचा केलात तर फोटो कितीही धूसर असला तरी मॉडेल काहीतरी भरून देतं.

मग त्या रकान्यांची तपासणी साध्या कोडनं करा, मॉडेलकडून नको. ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा, त्यामुळं गुंठ्याच्या रकान्यात ४० किंवा आण्याच्या रकान्यात १६ आले की वाचताना चूक झाली हे नक्की. उताऱ्यावर बेरीजही जुळवता येते. समजा एकूण ३.१२.०८, पोटखराब (लागवडीस न येणारी जमीन) ०.१४.००, तर उरलेलं २.३८.०८ हवं. दशांश समजून वजाबाकी केली तर २.९८ येतं आणि ९८ गुंठे असूच शकत नाहीत. एकर-गुंठ्यांचे रकाने आणि अशा दोन-चार ओळी मिळून तुमच्या हेक्टरसारख्या चुका दारातच अडतात.

आणि एक गठ्ठा करा. तीस-चाळीस खरे कागद, प्रत्येकाचं बरोबर उत्तर तुम्ही स्वतः एक्सेलमध्ये लिहिलेलं. प्रॉम्प्टमध्ये एक शब्द बदललात तरी सगळा गठ्ठा पुन्हा चालवायचा. एक ओळ वाढवली की एक चूक सुधारते आणि कालपर्यंत बरोबर असलेलं दुसरंच काहीतरी बिघडतं. मी हे ऑफिसात रोज बघतो. पहिल्या दिवसाचे दहा कागद छान आले म्हणून आपण खूश होतो, पण ते दहा बहुधा स्वच्छ छापलेलेच असतात.

निपाणीचा_मी:

माझा अनुभव थोडक्यात. वर्णन लिहिलं की अख्खं ॲप बनवून देणारी साधनं आहेत, त्यातल्या एकावर तंबाखूच्या वखारीचा हिशेब ठेवणारं ॲप केलं. एका संध्याकाळीत झालं, दिसायला झकास. एपीआयची की, म्हणजे आपल्या खात्यावर एआय वापरायची गुप्त किल्ली, मात्र मी पानाच्या कोडमध्येच ठेवली होती. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडला की ती कुणालाही दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. लिंक चार ग्रुपवर फिरली आणि दोन दिवसांत माझा सगळा कोटा संपला, वापरणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. की नेहमी सर्व्हरच्या बाजूला ठेवा. तुमचं एकाच कॉम्प्युटरवर चालणार असेल तर लिंक बाहेर देऊच नका.

जुना_शिरस्तेदार:

पोरी, मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. चिकोडी, हुक्केरी, अथणी. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. रात्री त्या आजींच्या घरी गेलीस हे फार चांगलं केलंस.

एआय मला कळत नाही. कागद कळतो, तेवढं सांगतो. उताऱ्यात माणसं फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ते बघायचंच. पण ११ नंबरचा रकाना कुणी वाचत नाही, आणि बोजा तिथं असतो. बँकेचं कर्ज, सोसायटीचं कर्ज, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं. कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी नोंद काढलेली नसते. तुझ्या यंत्रानं ११ नंबरमध्ये काय आहे ते वेगळं आणि ठळक सांगायला हवं. कोरा असेल तर "कोरा आहे" असंही सांगू दे, म्हणजे वाचायचा राहिला की खरंच काही नाही, असा संशय राहणार नाही.

आता शब्द. आपल्या भागात कन्नड आणि मराठीत सारखे दिसणारे शब्द पुष्कळ, आणि घात तिथंच होतो. वजा तुला कळलाच. "अहवालु" म्हणजे अहवाल नव्हे, आपलं म्हणणं, गाऱ्हाणं. "अहवालु सल्लिसि" याचं मराठी "अहवाल सादर करा" असं झालं तर शेतकरी म्हणेल मी कुठला अहवाल आणू? "तकरारु" म्हणजे बहुतेक नोटिशीत हरकत. तक्रार म्हटलं की आपला माणूस कुणीतरी आपल्यावर केस घातली म्हणून घाबरतो. "अवकाश" म्हणजे संधी. ही चार तर लिहूनच ठेव. आणखी आठवतील तशी देतो.

सांगायची रीत पण बदल. सगळी नोटीस वाचून दाखवू नये, म्हाताऱ्या माणसाचं डोकं भणाणतं. पहिली ओळ तारीख. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या कचेरीत जायचं. दुसरी ओळ, नाही गेलं तर काय होईल. मग बाकीचं. ३१ वर्षं मी टेबलावर असंच सांगत आलो.

जुने हाती लिहिलेले कागद मात्र यंत्राला देऊ नको. कन्नड ६ आणि ९ घाईत लिहिले की आम्हालाच भिंगानं बघावे लागत. १९५६ च्या आधीचं मुंबई राज्याच्या वेळचं दप्तर तर मोडीतही असतं, ते जाणकाराकडंच न्यावं.

टिळकवाडी_वकील:

वरच्या तिघांनी कामाचं सांगितलं, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या दृष्टीनं ती सगळ्यांत आधी यायला हवी. ताई, हे कागद तुमचे नाहीत. नाव, वडिलांचं नाव, सर्व्हे नंबर, कर्ज, कधी कधी आधार क्रमांक, हे सगळं तुम्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवताय.

फुकट वापराच्या अटी नीट वाचा. गूगलच्या जेमिनी एपीआयच्या अटींत सरळ लिहिलंय की पैसे न भरता वापरलं तर तुम्ही टाकलेला मजकूर त्यांची उत्पादनं सुधारायला वापरला जाऊ शकतो, माणसं तो वाचू शकतात, आणि म्हणून खासगी किंवा गोपनीय माहिती टाकू नका. पैसे भरून वापरलं तर सुधारणेसाठी वापरत नाही, असं तिथंच आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या अटी वेगळ्या, तुम्ही जे वापरता त्याच्या बघा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही मुख्यतः संमतीवर उभा आहे. "तुमच्या कागदाचा फोटो इंटरनेटवर पाठवून वाचून घेते, चालेल का?" हे माणसाला त्याच्या भाषेत विचारा. नाही म्हणाला तर तुम्हीच वाचून दाखवा.

चाचणीच्या गठ्ठ्याला तर नावं लागतच नाहीत. फोटो काढायच्या आधी नावावर आणि आधारवर कागदाची पट्टी ठेवा.

प्रिंटवर मराठीशेजारी मूळ कन्नड ओळही छापा. उद्या माझ्यासारखीकडं कुणी तो कागद घेऊन आलं तर मला दहा सेकंदांत कळेल कुठं चुकलंय. तुमच्या आजींच्या प्रिंटवर "वजा माडलागिदे" ही ओळ शेजारी असती तर गावात कन्नड वाचणारा कुणीही त्यांना थांबवू शकला असता.

आणि मनापासून एक सांगते. सीमाभागात मराठी माणसाला सरकारी कागद मराठीतून मिळावा ही मागणी जुनी आहे आणि ती न्याय्य आहे. एखाद्या दुकानात एआय वाचून देतंय म्हणून ती मागणी सैल पडता कामा नये.

अनगोळ_ते_बंगळूर:

वकीलताईंशी सहमत, हे मीच आधी लिहायला हवं होतं. कागद बाहेर पाठवायचाच नसेल तर दुसरी वाट आहे. टेसरॅक्ट नावाचं मोफत ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) कन्नड छापील मजकूर तुमच्याच कॉम्प्युटरवर वाचतं, फोटो कुठं जात नाही. भाषांतरासाठी आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाचं इंडिकट्रान्स२ आहे, २०२३ मध्ये आलं, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचं, खुलं. त्यात कन्नडमधून थेट मराठी होतं, मध्ये इंग्रजी लागत नाही. त्याला थोडा दमदार कॉम्प्युटर हवा. हाताचं लिखाण टेसरॅक्टला जमत नाही, आणि फोटो तिरका असला की छापीलही बिघडतं. शिवाय काकांच्या शब्दांची यादी इंडिकट्रान्स२ ला प्रॉम्प्टमध्ये देता येत नाही, कोडमधून शब्द शोधून इशारा द्यावा लागतो.

दुकानातल्या स्क्रीनसाठी स्ट्रीमलिट बघा, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी ॲप बनवायचं साधन आहे. पायथनच्या पन्नासेक ओळींत फोटो टाकायचं बटण, दोन रकाने आणि प्रिंट एवढं होतं. त्या ओळी लिहायला एआयचीच मदत घ्या, पण गुंठ्यांची तपासणी कागदावर उदाहरण मांडून स्वतः पडताळा.

खानापूर_सेंटर:

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये पावसासारखं काम होतं, पीकविमा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज.

गठ्ठा केला. ४० कागद, सगळ्यांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून फोटो काढले. बरोबर उत्तरं लिहायलाच चार रात्री गेल्या, आणि त्यातल्या दोन ठिकाणी माझीच वाचण्यात चूक होती, बाबांनी पकडली. आता दोन भाग केलेत. पहिल्यात नुसतं कन्नड उतरवतं, दुसऱ्यात काकांच्या शब्दांच्या यादीसह मराठी करतं. यादी आता चारवरून एकोणीस शब्दांवर गेलीय. पहिली ओळ तारखेची.

जुन्या प्रॉम्प्टवर हाच गठ्ठा चालवून बघितला तेव्हा ४० पैकी २१ पूर्ण बरोबर होते. म्हणजे जे बघून मला झोप लागली नव्हती ते निम्म्या वेळा कुठं ना कुठं चुकत होतं. आता ३३ बरोबर येतात. ५ ठिकाणी "वाचता आलं नाही" म्हणून लाल चौकट येते, ते मला चालतं, मी वाचते. २ अजून चुकतात. दोन्हीत छापील उताऱ्यावर पेनानं केलेली दुरुस्ती आहे आणि सर्व्हे नंबरात ६ चा ९ होतो. गुंठ्यांसारखी तपासणी सर्व्हे नंबराला लावता येत नाही, ६४ पण खरा असतो आणि ९४ पण. म्हणून सध्या पेनाची शाई दिसली की तो कागद मीच बाजूला काढते.

काउंटरवर ठेवलंय, पण फक्त उताऱ्यासाठी. पैसे भरून घेतलेली की आहे, ती दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर आहे. प्रत्येकाला विचारते. आतापर्यंत तिघांनी नको म्हटलं. नोटीस कुठलीही असो, ती दुपारी चार ते पाच मी स्वतः वाचून सांगते. मशीननं काय लिहिलं ते तेव्हा शेजारी उघडून बघते आणि चुकलं की यादीत घालते. ती वेळ बाबांनी दारावर खडूनं लिहिलीय. जांबोटीच्या आजी परवा आल्या होत्या, अपिलाची पुढची तारीख घेऊन. त्यांना आधी मीच वाचून दाखवलं, मग त्यांनी नातवाला कन्नड ओळीवर बोट ठेवून परत वाचायला लावलं.

काका, एक विनंती आहे. ६ आणि ९ चे नमुने मला हवेत, कचेरीत जसे घाईत लिहायचे तसे, वेगवेगळ्या हातचे. पुढच्या रविवारी चिकोडीला लग्नाला येणार आहे. तासभर मिळाला तर तुमच्याकडून लिहून घेईन. तुमच्याबरोबरचे आणखी कुणी असतील तर त्यांच्याकडूनही.

जुना_शिरस्तेदार:

ये. आमच्यातले तिघं अजून चिकोडीतच आहेत, त्यांना बोलावून ठेवतो. येताना फुलस्केप कागद आण, शाईची पेनं माझ्याकडं आहेत. ३ आणि ७ पण लिहून देतो, ते तुला पुढं लागतील.